अल्याडचं राष्ट्रीय दैनिक

पहिल्या नोव्हेंबरला शाळा बंद असायची.
कुणी म्हणायचं उत्सव, कुणी म्हणायचं काळा दिवस,
आम्हाला ती नुसती सुट्टी.
निपाणीत, जत्राट वेशीजवळच्या अडत्याच्या माडीवर,
तंबाखूच्या खाटेनं शिंकत शिंकत
बसू आणि मी काढायचो
अल्याड देशाचं सगळ्यात मोठं वर्तमानपत्र.

खप, एक प्रत.
वर्गणी, दोन पेपरमिंट.
वर्षातनं एकदा निघायचं, तरी दैनिक.
मोठ्या पेपराला दैनिकच म्हणतात, असं बसूचं म्हणणं.

देश तसा लहान.
उत्तरेला माझ्या आईचं विड्यांचं सूप,
दक्षिणेला त्याच्या आज्जीची चूल,
पूर्वेला बसस्टँड.
पश्चिम अजून ठरायची होती.

पहिल्या पानावर वार्षिक पुरस्कार.
उत्कृष्ट वाहक: चिक्कोडी गाडीचा कंडक्टर,
सुट्ट्या पैशांवरून दोन्ही भाषांत
एकच शिवी देतो म्हणून.
उत्कृष्ट रंगारी: मल्लाप्पा कुडचे.
रात्री एका पार्टीसाठी बोर्डाला डांबर फासलं,
सकाळी दुसऱ्या पार्टीसाठी तोच बोर्ड रंगवला,
मजुरी दोघांकडनं चोख घेतली.
उत्कृष्ट नागरिक: माझी आई.
दिवसाला हजार विड्या, एक परत नाही.

आईनं मान वर केली नाही.
"कागद जाड हाय की, हिकडं आण, बंडलाला हुईल."
पुरस्कार नाकारला.
आम्ही तेही छापलं.

मग दारातनं गंगव्वा आज्जी,
"अदराग नन्न हेसरु ऐतेन?"
त्यात माझं नाव आहे काय.
नव्हतं.
बसूनं घाईघाईत समासात लिहिलं,
उत्कृष्ट वाचक: गंगव्वा.
तिला कुठलीच लिपी येत नव्हती.
तिनं पेपर उलटा धरला,
बराच वेळ वाचला.

चौथ्या वर्षी बसूला कानडी शाळेत घातलं.
त्या नोव्हेंबरला तो म्हणाला, पेपराचं नाव वर कानडीत पायजे.
मी म्हटलं, मराठीत.
तो म्हणाला, खाली तुझं घे की.
मी म्हटलं, खाली कशाला म्हणून?
पेपर घडीवर फाटला.
पुरस्कार त्याच्याकडं गेले,
माझ्या हातात राहिलं हवामान.

परवा बेळगावात, खऱ्या पेपराच्या वर्धापनदिनी,
मला सीमाभागातली उत्कृष्ट वार्ताहर म्हणून बोलावलं.
शाल. नारळ. पारदर्शक प्लास्टिकची ज्योत.
पाहुण्यांनी भाषेवर चाळीस मिनिटं घेतली,
माझ्या हातात नारळ तसाच.
घरी येऊन ज्योतीवरचं नाव बघितलं,
रत्ना बुद्धिहाळकर.
बुदिहाळ गावाला फुकटची बुद्धी चिकटवलेली.
सव्वीस वर्षं दुसऱ्यांची नावं तपासतेय मी,
जखमींची, उमेदवारांची, दहावीत पहिल्या आलेल्यांची.

रात्री हुबळीहून बसूचा फोटो आला.
खाली एवढंच, आज्जी गेली. संचीत सापडलं.
सुपारी, चुना, आणि चार घड्या घातलेला
तो अर्धा कागद,
कडेला कातानं तांबूस झालेला.
कंडक्टर होता, रंगारी होता, आईचा नकार होता.
आणि अगदी तळाशी एक ओळ,
फाटाफाटीनंतर कधीतरी लिहिलेली, कानडीत.

कानडी मला येतं, पण बोट लावून.
र.
मग जोडाक्षर, तिथं जरा अडखळले.
मग आडनाव.
ध कुठंच नाही.
त्याच्या आधी दोन शब्द, ते मात्र लगेच लागले,
उत्कृष्ट संपादक.

काय लिहावं सुचेना.
कपाटातनं माझा अर्धा शोधला,
बल्बखाली धरून फोटो काढला, पाठवला.

हवामान:
अल्याडात सगळीकडं कोरडं.
दुपारनंतर शिंका येतील.